चार दिवसांची सायकल

सायकल मी शिकले ती बाहेर बसायच्या दिवसांत. एरवी मला वेळ नव्हता आणि दारही नव्हतं. आमच्याकडे बाईला महिन्याची अडचण आली की चार दिवस तिनं घरात कशाला शिवायचं नाही, परसातल्या खोलीत एकटीनं राहायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मगच चुलीपाशी यायचं, अशी रीत होती. ती मोडायची कोणाची छाती नव्हती, कारण घरात आत्याबाई होती. आत्याबाई म्हणजे बाबूजींची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. घर तिचंच होतं. माय त्या घरात वीस वर्षं नांदली, पण मिठाची बरणी कुठं ठेवायची हेसुद्धा तिनं कधी ठरवलं नाही.

आमचं गाव केळझरच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून बरंच आत. पुढच्या अंगाला बाबूजींचं किराणा दुकान, त्यामागे घर, घरामागे परस. परसाच्या कोपऱ्यात ती खोली आणि खोलीला लागून कुंपणातलं एक फाटक. फाटकाबाहेर पाय टाकला की पांदण, म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर सेलूला जावं लागे. पोरीच्या जातीला सेलूला कशाला धाडायचं, असं आत्याबाईनं विचारलं तेव्हा कोणाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलणाऱ्यातली मी नव्हते. अजूनही नाही. तोंडानं जे निघत नाही ते वहीत निघतं, एवढंच या वयात कळलं आहे.

शाळा कायमची सुटल्यावर माझा दिवस कसा जायचा ते सांगते. पहाटे गिरणीचा टुकटुक आवाज सुरू व्हायच्या आधी चूल पेटायची. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी निघाली की अंबाडीची भाजी. मग भांडी, पाणी, शेण. दुपारी दुकानाच्या पुड्या बांधायच्या, हळदीच्या, चहापत्तीच्या, जिऱ्याच्या. रद्दीच्या कागदावर छापलेलं मी वाचत वाचत बांधायची, आणि गोष्ट अर्धी असली की उरलेली अर्धी गिऱ्हाइकाबरोबर निघून जायची. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराला पडदा होता. गिऱ्हाईक आलं की पडद्याच्या आत. त्यामुळे गावातली अर्धी माणसं मी आवाजावरून ओळखायची, तोंडावरून नाही. कोण खोकलतो, कोण उधारी मागताना हळू बोलतो, कोण तराजूवर नजर ठेवून "भाऊ, काटा पाहा" म्हणतो, हे सगळं मला ठाऊक. त्यातला एखादा रस्त्यानं समोरून आला असता तर मी ओळखलं नसतं. रस्त्यानं मी जातच नव्हते.

पहिल्यांदा बाहेर बसले तेव्हा मी रडले. घोंगडी, पाण्याचं मडकं, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक थाळी, आणि कोणी जवळ येत नाही. आत्याबाई वरून भाकर टाकायची, अंगाला वारा लागू नये अशी. दुसऱ्यांदा मी झोपून काढलं. तिसऱ्यांदा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मला कोणी हाक मारलेली नाही. वच्छे, पाणी आण. वच्छे, पुड्या झाल्या का. वच्छे, पडदा ओढ. चार दिवस यातलं काहीच नाही. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं, कारण बघितलं तरी आत्याबाईला जड जायचं. त्या दुपारी मी फाटकाची कडी काढली.

पांदणीच्या पलीकडे बौद्धवाडा होता आणि तिथं सुशी राहायची. चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलेल्या. तिचे वडील सेलूच्या कचेरीत शिपाई होते. त्यांनी तिला सेलूच्या शाळेत घातलं आणि जाण्यायेण्यासाठी कोणाची तरी वापरलेली लेडीज सायकल आणून दिली. हिरवा रंग उडालेला, एक पायडल नुसतं दांडीवर, पुढचा ब्रेक नाहीच आणि मागचा लागला तर लागला. शाळा सकाळची. दुपारी ती पांदणीनं घरी परतायची. फाटकात मला बघून ती थांबली आणि म्हणाली, काऊन गं, तुले जेलमधून सोडलं का?

एरवी सुशी आमच्याकडे आली तर अंगणात उभी राहायची. पाणी मागितलं तर वरून ओतून मिळायचं. बाहेर बसायच्या दिवसांत मात्र ती थेट माझ्या घोंगडीवर येऊन बसली तरी आत्याबाई हरकत घेत नसे. तशीही ती विटाळातच आहे, म्हणायची, पाचव्या दिवशी आंघोळ होणारच आहे. सुशी यावर हसायची. "चार दिवस तूही आमच्यात," म्हणायची आणि माझ्या थाळीतली भाकर मोडून घ्यायची. मीही हसायची. ते हसण्यासारखं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. तिला तेव्हाच कळलेलं असणार. तिच्या घरी तर ही बाहेर बसायची रीतच नव्हती. तिच्या आजीनं दीक्षा घेतली त्या दिवशीच बाकीच्या गोष्टींबरोबर हेही सोडलं होतं. हे खूळ तुम्ही काऊन धरून ठेवलं, असं ती मला नेहमी विचारायची. मला वाटायचं, बाई गं, हळू बोल, कोणी ऐकेल आणि खरंच सोडून देईल.

सुशीनं मला पांदणीतच शिकवलं. उन्हाळ्याआधीचे दिवस, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, वाटेत गाडीच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या. चाकोरीत चाक गेलं की सायकल निघत नाही, बाजूनं चालव, असं ती ओरडायची, आणि मी हटकून चाकोरीतच जायची. परकर साखळीत अडकला, काळ्या तेलाचे डाग पडले. पण त्या दिवसांतल्या कपड्यांना कोणी हात लावत नसे, मीच धुवायचे, म्हणून ते डाग आत्याबाईनं कधी पाहिले नाहीत. गुडघा फुटला तर पायरीवर पडले म्हणाले. विटाळशीच्या गुडघ्याला कोण हात लावून बघणार? दुसऱ्या महिन्यात तिनं मागून धरलेला हात कधी सोडला ते मला कळलं नाही. मी बोलतच होते, सुशे धरजो, सुशे धरजो, आणि ती लांब मागे बांधावर बसून बोरं खात होती.

मग मी एकटीही जाऊ लागले. सुशीला घरचं काम असलं की ती सायकल फाटकाला टेकवून निघून जायची. दुपारी बाबूजी गादीवर पेंगायचे, आत्याबाई मधल्या घरात झोपायची, माय पुड्या बांधत बसायची. माझ्या वाटच्या पुड्यासुद्धा तिलाच बांधाव्या लागायच्या, हे माझ्या मनातही येत नसे. मी निघायची ती आधी कडुनिंबापर्यंत, मग नाल्यापर्यंत, मग नाल्यापलीकडच्या चढापर्यंत. तुरीच्या काड्या उभ्या, पळस फुललेला, दोन्ही बाजूंनी माणूस नाही. कुठं जायचं नसायचं. काही आणायचं नसायचं. चढाच्या टोकाला पोचलं की पाय जमिनीला टेकवून मी उभी राहायची आणि लांबवर सडकेवरून एस.टी. जाताना बघायची. सावली बघून वेळ कळायचा. बांधावरच्या दगडाची सावली दगडाएवढी झाली की मागे वळायचं. त्यामुळे सारखी घाई असायची. मोकळं वाटायचं ते सुटल्यासारखं नाही, चोरून गूळ खाल्ल्यासारखं. पाचव्या दिवशी पहाटे पाणी डोक्यावरून घेताना मला रडू यायचं. घरच्यांना वाटायचं पाणी गार आहे.

महिन्याचे चार दिवस मोजून कोणाचं भागतं? आधी मी चाराचे पाच केले. आत्याबाईला सोवळं जितकं जास्त तितकं बरं, तिनं मान डोलावली. पुढच्या महिन्यात मी मधेच, पंधराव्या दिवशी, घोंगडी उचलून परसात गेले. सांगताना जीभ अडखळली, पण लाजाळू असण्याचा एक फायदा असतो, अडखळलं तरी कोणाला नवल वाटत नाही. मग तेच होऊ लागलं. महिन्यात दोनदा, पावसाळा सरून थंडी आली तरी. सुशी म्हणाली, पाहाय हो, एक दिवस तू महिनाभर बाहेर बसशील अन् तुहे लोक तुझं तोंड विसरतील. मला ते वाईट वाटलं नाही.

आत्याबाईला संशय आला नाही. काळजी लागली ती मायला. पोरीच्या अंगावरून इतकं जातं, तिचं पुढं कसं होईल, असं ती बाबूजींशी हलक्या आवाजात बोलताना मी ऐकलं. कोणाकडून तरी तिनं अशोकाची साल आणली. ती उकळून, आटवून, वाटीभर काढा ती मला सकाळ-संध्याकाळ द्यायची. बाहेर बसलेली असले की वाटी उंबऱ्यावर ठेवून लांब उभी राहायची आणि मी पिऊन संपवेपर्यंत हलायची नाही. कडू जहर. मी पूर्ण प्यायची. माझा खोटेपणा त्या कडूनं फिटत असावा असं मला वाटायचं. मग तिनं मला वर्ध्याला दवाखान्यात नेलं. बाबूजींजवळ पैसे मागताना मी तिला पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकलं. डॉक्टरीणबाईनं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्ताच्या गोळ्या दिल्या. येताना एस.टी.त माय माझा हात धरून बसली होती. खिडकीतून सडकेला लागून जाणाऱ्या वाटा दिसत होत्या आणि यातली कोणती वाट आपल्या पांदणीला मिळत असेल, ते मी बघत होते. हे लिहायला मला लाज वाटते. पण तेच बघत होते.

त्या महिन्यात चतुर्थी रविवारी आली. चतुर्थीला आत्याबाईची पूजा लांबते, दुपारपर्यंत परसाकडं कोणी फिरकत नाही, आणि रविवार म्हणून सुशी मोकळी. मी हिशेब करूनच शनिवारी घोंगडी उचलली होती. सकाळीच आम्ही दोघी निघालो. नाला ओलांडला, चढ चढलो, पलीकडे आणखी बरंच गेलो. एका शेतात हरभरा भाजणं चाललं होतं, त्यांनी आम्हाला ओंजळभर हुळा दिला, कोणाच्या पोरी म्हणून विचारलं, आणि सुशीनं खुशाल सांगितलं, दोघी बहिणी आहोत, मामाच्या गावाला चाललो. तोंडं काळी करून आम्ही परत फिरलो. उतारावर मी चालवत होते, सुशी मागे कॅरियरवर, माझ्या कमरेला धरून. ती मोठ्यानं गात होती. ब्रेक लागत नव्हता, पण उतारावर ब्रेक कोणाला हवा होता?

समोरून एक बाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पायांत काही नाही. आमच्याकडच्या बाया अनवाणी चालतात तशी सवयीनं नाही, जपून जपून, खडे चुकवत. मला ती चाल ओळखीची वाटली आणि त्याच घटकेला आम्ही तिच्यापाशी पोचलो. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. मायच्या अंगावरून, तिच्या पदराला वारा लावून आम्ही पुढे गेलो. तिचं तोंड मला पापणी लवेपर्यंतच दिसलं. वीसेक पावलांवर पाय घासत सायकल थांबवली. सुशी उतरली. माय वळली नव्हती. पाठमोरी तशीच उभी होती.

मी चालत तिच्यापुढं गेले. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. मग मला कळलं. माझ्यासाठी तिनं केळझरच्या गणपतीला अनवाणी यायचा नवस बोलला होता. जिच्यासाठी बोलायचा तिला सांगायचा नसतो, म्हणून मला ठाऊक नव्हतं.

"बसली होतीस का खरंच?" तिनं विचारलं.

"नाई."

"अन् मागच्या पंधरवड्यात?"

"नाई."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "अन् काढा?"

"पेली," मी म्हणाले. "सगळा."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही. ती खाली बांधावर बसली, टाच वर करून बाभळीचा काटा शोधू लागली. मी हात पुढं केला, तर तिनं पाय मागे घेतला. काटा तिनंच काढला. मग उठून तिनं सुशीला सांगितलं, बाई, तू सायकल घेऊन घरी जाजो, अन् कोणापाशी बोलू नको. सुशी मान खाली घालून गेली. माय मला म्हणाली, "चप्पल काढ. नवस बोलली तो फेडावा तर लागतेच. तुझ्यासाठीच बोलली, आता तूही चाल."

सायकलीवर जो चढ मी हसत चढले होते तो अनवाणी संपता संपत नव्हता. माय पुढे, मी मागे. केळझरला टेकडीवरच्या पायऱ्या चढलो. तिनं नारळ फोडला, डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. पोरगी बरी होऊ दे, असा नवस होता. आता पोरगी आजारीच नव्हती म्हटल्यावर ती देवाला काय सांगत असेल? मला विचारायचं धाडस झालं नाही. परतताना तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, हाताला हात लावून. घरी आल्यावर ती कोणाला एक शब्द बोलली नाही. पोर आता बरी आहे, अडचण नाही तिला, एवढंच आत्याबाईला सांगितलं. आत्याबाई म्हणाली, पाहाय, देव पावला.

दहा-बारा दिवसांनी मला खरीच अडचण आली. घोंगडी काखेत मारून मी परसाच्या दाराशी गेले तर माय दारात उभी. तिनं माझ्या काखेतून घोंगडी ओढून घेतली, आणि म्हणाली, "ठेव ते. चूल पेटव."

आत्याबाई मधल्या घरातून धावत आली. काय काय बोलली ते लिहीत नाही. घर बाटलं म्हणाली, भावाचं नाव घेऊन आरडली, मी या घरचं पाणी पिणार नाही म्हणाली. माय दाराला पाठ लावून उभी राहिली. वीस वर्षांत ती आत्याबाईपुढं उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. शाळेत नर्सबाई सांगते ते खोटं आहे का, पलीकडच्या वाड्यात बाया बसत नाईत तर त्यांचं काय वाईट झालं, तापलेल्या तव्याले काय कळते? सगळे शब्द सुशीचे होते. सुशी मला सांगायची आणि मी कधीतरी हसत हसत मायला सांगितले होते, ते तिनं एकेक करून जपून ठेवले होते. बाबूजी दुकानातून उठून आले, पडद्याआड उभे राहिले आणि परत गेले. मी चूल पेटवली. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. किल्ली मायच्या कमरेला.

गावात बोभाटा झाला. दोन घरच्या बायांनी आमच्याकडचं ताक न्यायचं सोडलं. पण काही बाया दुपारी हळूच येऊन मायला विचारू लागल्या, तुमी कसं केलं हो ताई? ग्रामसेविकाबाईनं शाळेतल्या बैठकीत सगळ्यांपुढं मायचं नाव घेतलं, गावातलं पहिलं घर म्हणून. माय खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. सुशी तर आनंदानं वेडी झाली. आमच्या अंगणात उभी राहून म्हणाली, काकू, तुमी जिंकल्या. आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाली. ती हुशार होती. त्या दिवशीही ती अंगणातच उभी होती. पुढं ती वर्ध्याला शिकायला गेली, मास्तरीण झाली. माझं दोन वर्षांनी लग्न झालं. सायकलवर मी नंतर कधी बसले नाही.

माझी सून सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तिला मी मायची ही गोष्ट अर्धीच सांगितली आहे, दारात उभं राहण्याची. तिला फार अभिमान वाटतो. त्या काळात एवढी हिंमत, आई, असं ती मैत्रिणींना सांगते, आणि मी हो म्हणते. खोटं नाहीच ते. हिंमत होतीच. आमच्यानंतर त्या गावातल्या कित्येक पोरी थंडीत त्या खोल्यांतून निजायच्या वाचल्या. पण मला तीसच्या तीस दिवस घरात ठेवायला मायला दुसरा उपाय नव्हता, हे तिला मी सांगत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. माय स्वतःही बाहेर बसायची. तिचेही चार दिवस होते. परसातल्या त्या खोलीत ती दुपारी पायावर पाय टाकून पडलेली मी पाहिली आहे, तोंडात सुपारी, डोळे आढ्याला लागलेले. कोणी हाक मारत नसे. घरात ती तशी पडलेली मी कधीच पाहिली नाही. ज्या दिवशी आत्याबाई भांडली, त्या दिवशी शेवटी तिनं विचारलं होतं, पोरगी नाई बसणार, मग तू तरी बसशील की नाई? आणि माय म्हणाली होती, "मीही नाई."

त्यानंतर काही दिवसांनी, माय कणीक मळत होती आणि मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडत होते. तिचा हात मधेच थांबला. दुसरा हात कमरेवर गेला. तोंड पांढरं पडलं होतं. तिची पाळी होती हे मला कळलं. मी म्हणाले, "माय, तू जा, पड जराशी. मी करते."

"कुठं जाऊ?" ती म्हणाली.

त्या खोलीत बाबूजींनी आदल्याच आठवड्यात सरकीच्या ढेपेची पोती रचली होती, छतापर्यंत. मी परात माझ्याकडं ओढली. तिनं ती सोडली नाही. थोडा वेळ आम्ही दोघींनी परात धरून ठेवली, मग तिनं माझ्याकडं न बघता कणकेवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा मळू लागली.